मापाडिणीचं वल्हं

गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की मापाडीण त्याला आधी हात वर करायला लावायची.

"उजवा हात वर. सरळ. वर्गात उत्तर येत असल्यासारखा."

माणसं हसायची. ती हसायची नाही. वल्हं त्याच्या शेजारी उभं धरायची, पातं पायाच्या बोटांशी, आणि वरची मूठ मनगटाला टेकते का ते बघायची. मूठ खाली राहिली तर वल्हं आखूड. माणूस वाकून वल्हवणार आणि संध्याकाळी पाठ धरून बसणार. मूठ वर गेली तर खांदे कानांना लागणार. नेमकी टेकली की ती एवढंच म्हणायची, "जा." मग माणूस काखेत बोर्ड मारून पाण्याकडे जायचा, आणि ती पुढच्याकडे वळायची.

नाव तिच्या भावाने ठेवलं होतं. बाजारात धान्य मापून देणारा मापाडी, तशी ही माणसं मापणारी. आधी थट्टेने, मग सवयीने, आणि आता तिला हाक मारायला दुसरं नाव आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

शेड शहराच्या टोकाला, बस जिथून मागे फिरते तिथे, तलावाच्या काठावर. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, तिच्यावर दिवसभर ओल्या पावलांचे ठसे. एका भिंतीला उभे राहून चालवायचे लांब रुंद बोर्ड, दुसरीला वल्ही, मधल्या दोरीवर निथळणारी जाकिटं. ओल्या रबराचा वास तिच्या केसांतून जायचा नाही. वडिलांच्या काळात इथे बसून वल्हवायच्या होड्या होत्या. होड्या गेल्या, बोर्ड आले, वडीलही गेले. राहिले दोघं भावंडं, दादा आणि ती, आणि शेडच्या माथ्यावरच्या खोल्या. मग दादाने लग्न केलं आणि वहिनी आली.

वहिनी वयाने तिच्याहून लहान, मानाने मोठी. म्हणून दोघी एकमेकींना तुम्ही म्हणत. वहिनी तिला वन्सं म्हणायची, जरा लाडाने, जरा खोडीने. आली तेव्हा पाण्याला इतकी भ्यायची की बादलीत वाकून बघायची नाही. मापाडिणीनेच तिला शिकवलं. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बोर्ड धरून ठेवला. आधी गुडघ्यांवर, मग एक पाय, मग दुसरा. "पायांकडे बघू नका वहिनी. पलीकडच्या काठाकडे बघा. नजर जिथे जाते तिथे अंग जातं."

नजर गेली, अंगही गेलं. वहिनी उंच, मापाडिणीपेक्षा चांगली वीतभर. मान ताठ. ती पाण्यावर उभी राहिली की बाकावरची माणसं हातातलं वर्तमानपत्र खाली करायची. ती हसायची, आणि ते हसणं पाण्यावरून घसरत सरळ शेडमध्ये यायचं, जिथे मापाडीण कुणाच्यातरी घामट मनगटाला मूठ टेकवून उभी असायची.

मत्सर तिच्या पोटात घरजावयासारखा राहायला आला. काम काही नाही, जेवायला मात्र वेळेवर हजर. ती स्वतःशी म्हणायची, मला काय त्याचं? आणि लगेच तिला दिसायचं की पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी वहिनीला हात करतंय.

*

दरवर्षी हंगाम संपत आला की वाटाड्या यायचा. मोठ्या नदीवरून माणसांचा जथा बोर्डांवर उभा करून थेट समुद्राच्या मुखापर्यंत नेणं हा त्याचा धंदा. उन्हाने भाजलेला, कमी बोलणारा माणूस. तो जथ्यातल्या माणसांना मापाडिणीकडे घेऊन यायचा, वल्ही मापून न्यायचा, आणि जाताना नदीच्या गोष्टी सांगायचा. कुठे दोन्ही काठ दिसेनासे होतात. कुठे पाणी गोड की खारट हे जिभेलाही कळत नाही. मापाडीण वल्ह्यांचे चाप घट्ट करत करत ऐकायची. त्याने पहिल्यांदा ते सांगितलं तेव्हापासून ती नदी तिच्या डोक्यात वाहत होती. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मागितलेली गोष्ट तिला कधी गोड लागली नाही. कुणीतरी विचारावं, एवढीच तिची अट होती, आणि ती अट फक्त तिलाच माहीत होती.

यंदा वाटाड्याला जथ्याच्या शेपटीला राहणारं कुणीतरी हवं होतं. मागे पडणाऱ्यांना गोळा करत आणणारं, न घाबरणारं. तो शेडच्या दारात उभा होता, चहाचा पेला हातात. तलावावर वहिनी एका रडवेल्या बाईला पुन्हा बोर्डावर चढवत होती.

"तुमच्या वहिनी येतील का?" त्याने विचारलं.

मापाडिणीच्या हातात जाकिटाचा पट्टा होता. तिने तो ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

"तिलाच विचारा," दादा मागून म्हणाला. "माझी काही ना नाही. घरात तेवढीच शांतता."

"आणि एक करा," वाटाड्या मापाडिणीकडे वळला. "त्यांना वल्हं तुम्हीच निवडून द्या. बस, मग छोटं विमान, मग जीप. एकसंध वल्हं चालणार नाही, तीन तुकड्यांत सुटणारं हवं. आणि हाताला बसणारं हवं. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

"हो," ती म्हणाली. "ते बरोबर आहे."

पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात. तिचं तर तिथेच पिकत होतं आणि तिथल्यातिथे फुकट वाटलं जात होतं.

*

माल पुरवणारा आठवड्याने नमुने घेऊन आला. त्याला मापाडिणीची नेहमी धास्ती वाटायची. ती तुकडे जोडायची, कानाजवळ धरून हलवायची आणि जोडातून कट्ट असा जरा जरी आवाज आला तरी बाजूला ठेवायची.

"बाई, हे सगळ्यांत खपतंय."

"खपू दे. अ‍ॅल्युमिनियम आहे. सकाळी हात गारठतात. आणि विमानातून उतरलं की पोचा आलेला असतो. पोचा आला की तुकडा तुकड्यात जात नाही."

"मग हे लाकडाचं? काय देखणं आहे बघा."

"देखणं आहे. सुटतं का?"

"नाही."

"मग ते भिंतीला लावा."

दोन तुकड्यांचं तिने हातातही घेतलं नाही. अर्धं केलं तरी बॅगेतून डोकं बाहेर काढणार. शेवटी तिने एक कार्बनचं उचललं. तीन तुकडे, काळं, हलकं. बोटावर तोलून बघितलं. पातं लहान होतं.

"लहान पातं?" पुरवणारा म्हणाला. "ताकदवान माणसाला मोठं द्या, एका ओढीत लांब जाईल."

"दिवसभर वल्हवायचंय. मोठ्या पात्याने खांदा जातो." तिने आपल्या उजव्या खांद्यावर हात फिरवला. वर्षानुवर्षं बोर्ड चढवून उतरवून तो खांदा थंडीत आणि दमट हवेत ठणकायचा. "आणि दांडा बारीक पाहिजे. मुठीत पूर्ण मावला पाहिजे."

तिची मूठ लहान होती.

त्या दिवशी ती गुणगुणत होती. दादाने दुरून ऐकलं आणि बोर्ड पुसता पुसता म्हणाला, "आज मापाडीण खुशीत! कुणाचं लग्न ठरलं?"

"तुझं. दुसरं."

"अरे वा. मुलगी बघितलीस का मापून?"

ती हसली, आणि दादाला आश्चर्य वाटलं, कारण शेडमध्ये ती हसत नसे.

वरच्या तुकड्याला दोन प्रकार होते. एक, लांबी कमीजास्त करता येणारा, चाप असलेला. दुसरा सलग दांड्याचा; तो मापाने कापायचा आणि मूठ गरम डिंकाने कायमची बसवायची. तिने दुसरा घेतला. चाप वाळूने अडकतो, ऐन वेळी घसरतो. लांबच्या वाटेवर कायमची मूठ बरी.

दुसऱ्या दिवशी तिने दांड्यावर खूण केली, फडक्यात गुंडाळून पकडीत धरला आणि बारीक दातांच्या करवतीने कापला. काळी भुकटी तिच्या मनगटावर बसली.

"हिला बोलावू का?" दादाने विचारलं. "मापाला?"

"कशाला? पाठ आहे मला."

"बघ हं. कापलेलं वाढत नाही."

"मला शिकवतोस?"

तिने डिंक वितळवला, मूठ बसवली, पात्याच्या सरळ रेषेत आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं. सुंदर काम झालं होतं. असं काम झालं की तिला एखाद्याला दाखवावंसं वाटायचं, पण दाखवायला समोर वहिनीच होती.

*

वहिनीने ते वल्हं दोन्ही हातांत घेतलं आणि वरखाली तोलून बघितलं.

"वन्सं, अहो हे पीस आहे की वल्हं?"

"लांब घेऊन जायचंय. आल्यावर तुकडे वेगळे करायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, पुसून ठेवायचे. जोडलेलं ओलं ठेवलंत तर जन्मात सुटणार नाही."

"म्हणजे नवरा-बायकोसारखं," वहिनी म्हणाली आणि पाण्याकडे धावली.

मापाडीण शेडच्या दारात उभी राहिली. वहिनी बोर्डावर चढली, उभी राहिली, वल्हवू लागली. आणि काहीतरी बदललेलं होतं. मान पुढे होती. पाठीचा धनुष्यासारखा बाक झाला होता. पातं पाण्यात बुडवायला ती दर खेपेला कमरेतून वाकत होती, जणू तलावातलं काहीतरी तिचं पडलं होतं आणि ती ते शोधत होती. बाकावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं, बघितलं, पुन्हा वर केलं.

मापाडिणीला बरं वाटलं. ते बरं वाटणं अगदी साधं होतं, तहान लागल्यावर पाणी प्यावं तसं. ती ते प्यायली. मग विचार केला, ही अशी का वाकतेय?

वहिनी काठाला आली, कमरेवर हात ठेवून. "जरा आखूड वाटतंय का हो? का मलाच सवय नाही?"

"लांबच्या वाटेला थोडं आखूडच बरं असतं," मापाडीण म्हणाली.

शब्द तोंडातून सहज गेले. इतके सहज की तिलाच धक्का बसला. तिने आजवर मापाबद्दल कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक रागावलं, दुसरीकडे गेलं, तरी नाही. वहिनीने मान डोलावली. मापाडीण म्हणाली म्हणजे झालं.

दुपारी शेड रिकामी झाली, दादा जेवायला वर गेला, तेव्हा तिने ते वल्हं भिंतीवरून काढलं. पातं आपल्या पायाच्या बोटांशी टेकवलं. उजवा हात वर केला, सरळ.

मूठ तिच्या मनगटाला टेकली. केसाएवढाही फरक नव्हता.

ती तशीच उभी राहिली, एक हात वर, रिकाम्या शेडमध्ये, उत्तर येत असलेल्या मुलीसारखी. लहान पातं तिच्या खांद्यासाठी होतं. बारीक दांडा तिच्या मुठीसाठी. निवडताना तिला वहिनीची एकदाही आठवण झाली नव्हती. ती नदी बघत होती, आणि त्या नदीवर उभी असलेली बाई उंच नव्हती.

*

तरी ती काही बोलली नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणायचीसुद्धा नाही. नुसती बघायची. वहिनी रोज सरावाला जायची आणि रोज थोडी जास्त वाकून परत यायची. वरच्या खोल्यांत मलमाचा वास भरला. जेवताना वहिनी भिंतीला उशी लावून बसू लागली.

"म्हातारी झालीस," दादा म्हणाला. "बदलून घ्यावी लागणार."

"घ्या की. पण मग मापाला वन्संना न्या, नाहीतर फसाल."

मापाडिणीने पेला उचलला. ती पाणी प्यायली.

वहिनीने ताट बाजूला सारलं. "मी काय म्हणते, पाठ अशीच राहिली तर मी जाऊ शकायची नाही. मधेच कुणाला उचलून आणायला लावू का? मी वाटाड्यांना सांगते. वन्सं जाऊ देत माझ्या जागी."

मापाडीण पेला खाली ठेवायची विसरली. तिला बोलायचंसुद्धा नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. आणखी थोडे दिवस, आणखी थोडं मलम, आणि नदी आपल्या पायांनी घरात चालत येणार होती.

दादा हसला. वाईट हेतू नव्हता त्यात. तो वाईट माणूसच नव्हता. "ही? आणि शेड कोण बघणार? हिला काढलं तर छप्पर खाली येईल. हिला नदीबिदीचं काही नाही गं. काय मापाडिणी?"

मापाडीण ताट उचलून उठली. "काही नाही," ती म्हणाली.

वहिनी मात्र हसली नाही. ती मापाडिणीच्या पाठीकडे बघत राहिली, ती मोरीकडे वळेपर्यंत.

*

निघायच्या सकाळी पाठ जरा बरी होती आणि वहिनीने जायचं ठरवलं होतं. शेडमध्ये जमिनीवर लांब बॅग उघडी पडली होती. आत हवा काढून गुंडाळलेला बोर्ड, पंप, सुके कपडे. बस यायला थोडा अवकाश होता. दादा बाहेर कुणाशी तरी बोलत होता.

वहिनीने वल्ह्याचे तुकडे सोडवले. पात्याचा तुकडा बॅगेत ठेवला. मधला ठेवला. मूठ असलेला तिसरा उचलला, आणि मापाडिणीने तो मधेच धरला.

"हे राहू द्या."

"म्हणजे?"

"हे राहू द्या म्हटलं."

त्या क्षणी तिच्या मनात दया नव्हती. तिला वहिनीच्या पाठीची काळजी वाटली असती तर गोष्ट सोपी झाली असती. तिला फक्त दिसलं होतं की आपलं वल्हं, आपल्या हाताचं, आपल्या खांद्याचं, आपल्या आधी त्या नदीत बुडणार आहे, दुसरीच्या हातात. ते तिला सहन होईना. जागा गेली होती ती गेली. वल्हं ती देणार नव्हती.

तो तुकडा काखेत मारून तिने बॅगेतले बाकीचे दोन बाहेर काढले आणि भिंतीवरून दुसरं वल्हं उतरवलं. भाड्याचं, तीन तुकड्यांचं, जुनं पण जोड घट्ट असलेलं, मोठ्या पात्याचं, चापाचं.

"हात वर करा."

"वन्सं, बस येईल."

"हात वर करा वहिनी."

वहिनीने हात वर केला. मापाडिणीने पातं तिच्या बोटांशी टेकवलं आणि चाप सैल करून मूठ वर सरकवली. वर, आणखी वर. ती मूठ मनगटाला टेकली तेव्हा मापाडिणीला टाचा उचलाव्या लागल्या. वहिनीने वर बघितलं, मग मापाडिणीच्या काखेतल्या काळ्या तुकड्याकडे.

"ते आखूड होतं," वहिनी सावकाश म्हणाली.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"कापताना नव्हतं. नंतर कळलं."

"आणि मी इतके दिवस मलम चोळतेय." वहिनीचा आवाज चढला. "माझी पाठ मोडली असती वन्सं! तिकडे नदीत, मैलोन्‌मैल माणूस नाही तिथे! मला वाटत होतं मीच नालायक. मापाडीण म्हणे! ते कुणाच्या मापाचं आहे?"

"माझ्या."

"का?"

मापाडिणीने चाप दाबला. खट्ट आवाज झाला. "मला वाटलं मी जातेय."

बाहेर बसचा भोंगा वाजला. वहिनीने वल्हं तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलं, तुकडे केले, बॅगेत कोंबले, चेन ओढली. दाराशी पोचल्यावर वळली. डोळे लाल होते, रागाने की कशाने कळत नव्हतं.

"एकदा बोलला असतात तर मी जागा सोडली असती. आनंदाने सोडली असती. तुम्ही कधी बोललाच नाहीत. उलट मला त्या पाण्यावर तुम्हीच उभं केलंत."

"जा," मापाडीण म्हणाली. मूठ नेमकी टेकली की म्हणायची, तेच.

*

काही दिवसांनी दादाच्या फोनवर फोटो आला. रुंद, मातकट पाणी, काठ नाही. वहिनी उभी, मान ताठ. दादाने तो शेडमध्ये येईल त्याला दाखवला. मग बहिणीपुढे धरला. "बघ गं, काय दिसतेय."

मापाडिणीने फोन घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. तोंडाकडे बघितलं नाही. खांदे बघितले. सैल होते. पाठ बघितली. सरळ होती. माप बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्याचं दुःख तिच्या पोटात नेहमीच्या जागी जाऊन बसलं. मग तिने वहिनीला चित्रातून बाजूला सरकवलं आणि नुसतं पाणी बघत राहिली, दादाने फोन मागेपर्यंत.

"ते काळं वल्हं भाड्याला लावू का?" तो म्हणाला. "नुसतं टांगलंय."

"नाही."

"मग करायचं काय त्याचं?"

ती उठली. खिळ्यावरून तीन तुकडे काढले, पाण्याच्या कडेला उकिडवी बसून जोडले. कट्ट आवाज आला नाही. कितीतरी दिवसांनी ती स्वतः बोर्डावर उभी राहिली. बाकावर बसलेल्याने वर्तमानपत्र खाली केलं की नाही हे तिने बघितलं नाही. म्हणजे बघितलं, नव्हतं केलं.

वल्हं पाण्यात गेलं आणि खांद्याने तक्रार केली नाही. दांडा मुठीत मावला. पातं पाणी धरत होतं आणि सोडत होतं, आणि तिला काहीही सुधारावंसं वाटेना. असं वल्हं तिने आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. तिने ओढ लांब केली. काठावरची झाडं मागे सरकली, पंपघर मागे सरकलं, आणि मग बोर्डाचं नाक पलीकडच्या गवतात घुसून थांबलं.

तलाव संपला होता.

तिने मागे बघितलं. शेड तिथेच, नखाएवढी. तिने बोर्ड वळवला आणि पुन्हा आली. यायलाही वेळ लागला नाही.

दादा एका जोडप्याला जाकिटं देत होता. ती भिजल्या पायांनी आत आली, वल्हं सोडवलं, फडक्याने एकेक तुकडा पुसला आणि लांब बॅगेत ठेवला. खिळ्यावर टांगलं नाही. मग भावाच्या दंडाला धरून त्याला त्या जोडप्यातल्या माणसासमोर उभं केलं आणि भाड्याचं एक वल्हं त्याच्या हातात दिलं.

"घे माप."

"मी? मला कुठे येतं?"

"म्हणूनच घे. आधी त्यांना हात वर करायला सांग."

"अगं पण तू आहेस ना इथे."

"पुढच्या हंगामाला नसेन," मापाडीण म्हणाली. "वाटाड्याला आज फोन करणार आहे. मीच. सांग त्यांना, हात वर करा म्हणून."